सव्वा राजाची नगरी

जयपूरच्या सिटी पॅलेसवर फडकणारा झेंडा एक नसतो आणि धड दोनही नसतात. एक पूर्ण मापाचा, आणि त्याच्या जोडीला चतकोर मापाचा धाकटा. बेरीज करणाऱ्याने करावी: सव्वा. जगातल्या बहुतेक राजांनी स्वतःला सूर्य, सिंह, नाहीतर देवाचा अंश म्हणवून घेतलं. स्वतःला पाच छेद चार म्हणवून घेणारं घराणं मात्र हे एकच असावं.

या अपूर्णांकाचा मूळ धनी सवाई जयसिंग (१६८८ ते १७४३). ही पदवी औरंगजेबाने दिली असं सांगतात. खापरपणजोबा मिर्झाराजे जयसिंग हे एक, तर हा पोरगा त्यांच्यावर पाव चढ, असा तो हिशेब. मराठी वाचकाला या घराण्याची ओळख करून द्यायची गरज नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले लिहून घेणारे ते मिर्झाराजे. पस्तिसांतले तेवीस गेले आणि बारा उरले. तेवीस छेद पस्तीस, ज्याला संक्षिप्त रूपही देता येत नाही. पुढच्याच वर्षी आग्र्यात महाराजांना जामीन राहिलेला रामसिंग हा मिर्झाराजांचा मुलगा. आणि तेरा-चौदा वर्षांचा सवाई १७०२ साली औरंगजेबाच्या फौजेतून विशाळगडाच्या वेढ्यात उभा होता. म्हणजे अपूर्णांकही आपल्याकडे चाल करून येऊन गेला आहे.

आपणही मागे राहिलो नाही. थोरल्या माधवरावांनंतर सवाई माधवराव आले. बालगंधर्वांनंतर सवाई गंधर्व आले आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव भरतो. तिथे ‘सवाईला गेलो होतो’ म्हणणाऱ्या माणसाला आपण एका परिमेय संख्येला जाऊन आलो याची कल्पना नसते. शाल, सतरंजी आणि थर्मास एवढं सोबत असलं की त्याला तशी गरजही पडत नाही.

परिमेय संख्या म्हणजे काय, हे नववीच्या गणितात शिकवतात. पहिला धडा संचांचा, दुसरा वास्तव संख्यांचा, आणि त्या दोन धड्यांत आकड्यांची जी खानेसुमारी होते ती तलाठ्यालाही जमणार नाही. एक, दोन, तीन या नैसर्गिक. त्यांच्यात शून्य आलं की पूर्ण. उणे आकडे आले की पूर्णांक. अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक असलेला अपूर्णांक आला की परिमेय (छेदात शून्य सोडून, नाहीतर बाईंची पट्टी). आणि या कुठल्याच रूपात मांडता न येणारं जे उरतं ते अपरिमेय. हे सगळं गोळा करून झाकण लावलं की वास्तव. पोरं पाठ करतात, परीक्षेत ‘योग्य पर्याय निवडा’मध्ये एक गुण मिळवतात आणि पुढे आयुष्यभर त्या वाटेला जात नाहीत.

गोंधळ होतो तो खाने एकात एक बसतात म्हणून. ५ हा आकडा गावातल्या त्या वजनदार गृहस्थांसारखा आहे, ज्यांच्याकडे पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तिन्ही रेशनकार्डं निघतात. तो नैसर्गिक आहे, पूर्ण आहे, पूर्णांक आहे, परिमेय आहे आणि वास्तव तर आहेच. सव्वाला मात्र शेवटच्या दोनच कार्डांवर भागवावं लागतं. आणि २ चं वर्गमूळ रेशनच्या रांगेत उभं राहिलं तर खिडकीवरचा माणूस विचारणार, ‘पूर्ण नाव सांगा,’ आणि ते बिचारं १.४१४२१३५६ करत संध्याकाळपर्यंत सांगतच राहणार.

जयपूरच्या बाजारात सव्वाचा दरारा अजून टिकून आहे. जोहरी बाजार हा रत्नांचा, त्यातही पाचूला पैलू पाडण्यात जयपूरचा हात धरणारा कोणी नाही. तिथे ज्योतिषाची चिठ्ठी घेऊन आलेलं गिऱ्हाईक ‘सवा पाच रत्ती’ मागतं. पाच चालत नाही, साडेपाचाला हरकत असते. ग्रहांना एवढा बारकावा कळतो याचं कौतुक करावं, तर रत्ती म्हणजे मुळात आपली गुंज, एका वेलीचं बी. सोनाराची रत्ती वेगळी, रत्नवाल्याची वेगळी. वजन शेवटी कॅरेटमध्ये होतं आणि कॅरेट म्हणजे नेमके २०० मिलिग्रॅम. दुकानदार काटा दाखवतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि शनी किंवा गुरू कुठल्या रत्तीत हिशेब धरतो हा प्रश्न दोघंही काढत नाहीत.

देवाच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने पंचाईत करून ठेवली. ३० जून २०११ ला पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं. तोवर सव्वा रुपयाची दक्षिणा, सव्वा रुपयाचे पेढे, सव्वा रुपयाचा नवस हा मराठी घराचा आणि राजस्थानी हवेलीचा समान व्यवहार होता. आता रोखीत सव्वा रुपया देणं कायद्याने अशक्य झालं. देव पूर्णांकावर आला. भाविकांनी अकरा, एकवीस, एकशे एक असा मार्ग काढला. तिथे बाजूला ठेवलेला तो एक रुपया पूर्णांकातच राहून ‘थोडं वर’ असल्याचा आव आणतो. ज्यांना सव्वाच हवा त्यांच्यासाठी गुरुजींनी क्यूआर कोड ठेवला आहे, कारण मोबाइलवर पाव रुपया अजून जिवंत आहे.

सवाई जयसिंगाच्याच घराण्यातले सवाई मानसिंग. त्यांच्या नावाचं रुग्णालय आणि स्टेडियम या दोन्हींना शहर ‘एसएमएस’ म्हणतं आणि सव्वा त्या पहिल्या ‘एस’मध्ये दडून बसतो. या स्टेडियमवर आयपीएलचा सामना असला की फलकावर संख्यांचा एक असा प्रकार दिसतो जो नववीच्या कोणत्याही खान्यात बसत नाही. फलक म्हणतो १९.४ षटकं. हा दशांश अपूर्णांक नव्हे. षटकात चेंडू सहा, तेव्हा १९.४ म्हणजे १९ आणि दोनतृतीयांश, दशांशात लिहायचं तर १९.६६६ आणि पुढे सहाच सहा. त्यात आणखी तीन चेंडू मिळवले की १९.७ होत नाही, २०.१ होतं, आणि तोवर डावच संपलेला असतो. नववीत ज्यांना आवर्ती दशांश कळला नाही ते ‘नेट रनरेट’साठी हा हिशेब कटिंग चहा संपायच्या आत तोंडी करतात. गणिताच्या शिक्षकांनी हे मनाला लावून घेऊ नये.

उणे आकड्यांचं एक माहेरही राजस्थानात. जालोर जिल्ह्यातल्या भीनमाळला ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला आणि त्यात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम घालून दिले. ऋणाला ऋणाने गुणलं की धन. प्रत्यक्षात कर्जाला कर्जाने गुणून श्रीमंत झालेली माणसं आपण वर्तमानपत्रात बघतो, पण नियम म्हणून तो ब्रह्मगुप्ताचा. शून्याला शून्याने भागलं की शून्य, असंही त्याने लिहिलं. ते पुढे टिकलं नाही. पण पहिल्यांदाच रस्ता काढणाऱ्याला एवढी सूट द्यायला हवी.

पूर्णांकांची जयपूरला हौस आहे. १८ नोव्हेंबर १७२७ ला शहराची पायाभरणी झाली. विद्याधर भट्टाचार्यांनी नऊ चौकोनांची आखणी केली, तीन त्रिक नऊ, कागदावर देखणं. वायव्येला डोंगर आडवा आला. मग एक चौकोन उचलून आग्नेयेच्या बाजूला नेऊन ठेवला. नऊ ते नऊच राहिले. हवामहलच्या खिडक्या ९५३ सांगतात. १७९९ साली सवाई प्रताप सिंहांसाठी लालचंद उस्तादाने तो बांधला. पाचशे नव्हे, हजार नव्हे, ९५३. ही मूळ संख्या आहे. म्हणजे सगळ्या मजल्यांवर सारख्या खिडक्या वाटायच्या म्हटलं तरी वाटता येणार नाहीत. एका ओळीत ९५३, नाहीतर एकाखाली एक ९५३. उस्तादांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. वरचे मजले निमुळते होत गेले आणि प्रश्न सुटला.

हे ९५३ देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या हाती पडायला हवं होतं. शाळामास्तर, १९०५ ते १९८६. नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक या सरकारी खान्यांवर समाधान न मानता त्यांनी आकड्यांचे स्वतःचे खाने काढले. अंकांच्या बेरजेने ज्याला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. जसा २७: दोन आणि सात नऊ, नवाने सत्तावीस निघतो. १७२९ सुद्धा हर्षद, आणि रामानुजनच्या गोष्टीतल्या टॅक्सीचा तोच नंबर. जयपूरची पायाभरणी दोन वर्षं लांबली असती तर शहराला आणखी एक बिरुद मिळालं असतं. आगगाडीच्या एका स्टेशनावर सुचलेल्या आकड्यांना त्यांनी त्या स्टेशनाचं नाव देऊन डेमलो संख्या म्हटलं. आणि एखादी संख्या आणि तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही, तिला देवळालीचंच नाव. जयपूरचे नऊ चौकोन त्यात मोडतात: ४ आणि ४ आठ, ५ आणि ५ दहा, नऊ काही येत नाही. स्वतःच्या गावाच्या नावाने संख्यांचा खाना काढणारा हा माणूस गणिताच्या औपचारिक वर्तुळात फारसा मोजला गेला नाही. ६१७४ हा त्यांचा आकडा मात्र जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो: कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहा, सात फेऱ्यांच्या आत तिथेच पोचता.

पण जयपूरचा खरा ऐवज जयसिंगाच्या जंतर मंतर या वेधशाळेत आहे, आणि तो पूर्णांकात नाही.

तिथल्या सम्राट यंत्रापाशी, म्हणजे थोरल्या दगडी सूर्यघड्याळापाशी, महाराष्ट्रातून आलेला सहलीचा जथा उभा असतो. गाइड सांगतो: ‘ऊँचाई नब्बे फुट, यानी करीब सत्ताईस मीटर. ढलान सत्ताईस डिग्री.’ जथ्यातल्या काकांचे कान टवकारतात. नक्षत्रंही सत्तावीस. त्यात जयपूरचं स्थानिक घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या मागे आहे तेही सुमारे सत्तावीस मिनिटं. ‘बघा, सगळीकडे सत्तावीस! आपल्या पूर्वजांना माहीत होतं,’ असं काका म्हणतात. यातले सत्तावीस खरोखरचे पूर्णांक आहेत ते फक्त नक्षत्रांचे. उंची मोजावी तशी दशांशात जाते. उतार अक्षांशाएवढा ठेवलेला, आणि तो अक्षांश नकाशावर २६ अंश ५५ मिनिटांच्या आसपास. मिनिटांचं म्हणाल तर सूर्य वर्षभर कधी पंधरा-सोळा मिनिटं पुढे, कधी मागे, म्हणून रोजचा आकडा वेगळा. गाइड सावलीवरून वेळ वाचतो, दुरुस्ती मिळवतो आणि मोबाइलशी ताळा करून दाखवतो. मिनिटभर फरक पडला तर जथा सूर्याला दोष देत नाही, मोबाइलला देतो.

यंत्राच्या चापावरची सर्वांत बारीक खूण दोन सेकंदांची. शेजारच्या लघु सम्राट यंत्राची वीस सेकंदांची. थोरल्याची सावली दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. संगमरवरावर डोळा लावून पाहिलं तर सरकताना दिसते, आणि तेवढ्यासाठी तिकीट काढणं वसूल होतं. पण आणखी वाकून पाहिलं तर कळतं की सावलीला कडच नाही. सूर्य हा ठिपका नसून आकाशातलं अर्ध्या अंशाचं बिंब आहे. त्यामुळे काळ्याचा करडा आणि करड्याचा पांढरा होत जाणारा चार-सहा बोटांचा पट्टा दगडावर पडतो. त्यात सावली नक्की कुठे संपली? जयसिंगाने पितळी यंत्रांचे आस झिजतात आणि हलतात म्हणून दगड निवडला, यंत्र मोठं केलं, खुणा बारीक केल्या. खुणा जितक्या बारीक तितके नवे अपूर्णांक हाती आले. पण शेवटी जे मोजलं ते परिमेयच. जगातल्या कोणत्याही पट्टीवर, काट्यावर, घड्याळावर आजवर अपरिमेय संख्या कोणी वाचलेली नाही, वाचताही येणार नाही. ती फक्त सिद्धतेत भेटते.

आणि तरी ती तिथे उभी आहे. २७ अंश घेतला तर उंची आणि पाया यांचं गुणोत्तर येतं ते असं: ५ चं वर्गमूळ घ्या, त्यातून १ वजा करा; मग ५ मधून ५ च्या वर्गमुळाची दुप्पट वजा करा, उरेल त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि तेही वजा करा. उत्तर ०.५०९५ च्या जवळ. मुळाखाली मूळ. वर चढणाऱ्या पायऱ्या बघताना हे कोणाच्या मनात येत नाही, आणि तेच बरं, पायऱ्यांना तोल लागतो.

हा मुळाखालच्या मुळाचा प्रकार जयसिंगाच्या दरबारात एका माणसाला नावानिशी ठाऊक होता. पंडित जगन्नाथ, पदवी ‘सम्राट’. हे महाराष्ट्रीय ब्राह्मण, असं परंपरा सांगते. राजाला दक्षिणेच्या स्वारीत ते भेटले आणि त्याने त्यांना सोबत नेलं ही कथा शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत मागे खेचून सांगतात. पण महाराज गेले १६८० मध्ये आणि सवाईचा जन्म १६८८ चा. बहुधा कथेने मिर्झाराजे आणि सवाई यांतला पाव हिशेबात धरला नाही. जगन्नाथांनी राजाज्ञेने अरबी आणि फारसी शिकून घेतली आणि नसीरुद्दीन तुसीच्या अरबी प्रतीवरून यूक्लिडची भूमिती संस्कृतात आणली. ग्रंथाचं नाव ‘रेखागणित’, अध्याय पंधरा.

यूक्लिडचं नाव मात्र प्रास्ताविकात नाही. ही विद्या ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितली, परंपरेने पृथ्वीवर आली, मध्येच लुप्त झाली आणि महाराज जयसिंगांच्या आज्ञेने पुन्हा प्रकाशात आणली, असं पंडित लिहितात. ग्रीक माणूस गेला, अरब गेले, थेट ब्रह्मदेव. आजच्या समाजमाध्यमांवर असे दावे सकाळी सातपासून सुरू होतात. जगन्नाथांनी निदान त्याआधी पंधरा अध्याय भाषांतरित करण्याचे कष्ट घेतले होते.

त्यातला दहावा अध्याय हा भूमितीचा सर्वांत अवघड भाग, शंभरावर प्रमेयांचा. विषय एकच: अपरिमेयांचं वर्गीकरण. नववीचं पुस्तक अपरिमेयांना एका खान्यात कोंबून मोकळं होतं. यूक्लिडने त्यांचे तेरा प्रकार केले. दोन नामांची बेरीज वेगळी, वजाबाकी वेगळी, त्यांचे सहा-सहा उपप्रकार, त्यांची वर्गमुळं आणखी वेगळी. सम्राट यंत्राच्या गुणोत्तरातलं ते मुळाखालचं मूळ या तेरांतल्या ‘लघु’ नावाच्या खान्यात अचूक बसतं. गंमत पुढेच आहे. यूक्लिडच्या हिशेबात ज्या रेषेचा वर्ग मापात येतो तीही परिमेयच. म्हणजे २ चं वर्गमूळ त्याच्या वहीत परिमेय आणि बालभारतीच्या वहीत अपरिमेय. संख्या तीच, वस्ती बदलली की दाखला बदलतो.

मुंबई सरकारने ‘रेखागणित’ १९०१-०२ मध्ये छापलं. त्याच सुमारास जयपुरात गॅरेट नावाचा इंग्रज अधिकारी जंतर मंतरच्या पडझडीची दुरुस्ती करत होता आणि त्याच्या मदतीला होते ‘उसने कहा था’ ही कथा लिहिणारे चंद्रधर शर्मा गुलेरी.

काही संख्या परिमेय की अपरिमेय, याची चौकशी तर अजून चालू आहे. पायची किंमत आर्यभटाने ४९९ साली ३.१४१६ दिली आणि ती आसन्न असल्याचं नमूद केलं. अपरिमेय असल्याचा दाखला लॅम्बर्टने १७६१ साली काढला, सम्राट यंत्राचे चाप बांधून झाल्यावर. पाय आणि ऑयलरचा ‘ई’ यांची बेरीज कुठल्या खान्यात, ते आजही ठरलेलं नाही. गुणाकाराचंही नाही. बेरीज आणि गुणाकार यांपैकी किमान एक अपरिमेय आहे, हे मात्र पक्कं सिद्ध आहे. कोणता, ते नाही. चाळीत चोरी झाल्यावर पोलीस साधारण इथपर्यंतच पोचतात.

सहलीच्या जथ्याला यातलं काही ऐकायला वेळ नसतो, कारण तोवर तो राशिवलय यंत्रांपाशी गेलेला असतो. बारा राशींची बारा यंत्रं, आणि प्रत्येक जण आपापली शोधून तिच्यापुढे फोटो काढतो. गाइड काकांची जन्मतारीख विचारतो: २ ऑगस्ट. ‘सिंह, सरजी!’ काका छाती काढून सिंहापुढे उभे राहतात. काकू पर्स सावरत म्हणतात, ‘अहो, तो इंग्रजी पेपरातला सिंह. तुमची रास चंद्रावरून, पत्रिकेत मीन आहे.’ थोडी वादावादी होते. गाइड घड्याळाकडे बघतो, सत्तावीस मिनिटं न मिळवता. शेवटी काका दोन्हीकडे फोटो काढून घेतात आणि मीनेपाशी काढलेला तेवढा सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा नाही, असं मुलाला बजावतात.